उचलणारीचे हृदय

आमच्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर टू-डी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, खोली आहे. आत डॉ. सुनंदा जगदाळे आहेत की नाहीत, हे पूर्वी कुणाला विचारावे लागत नसे. जिन्यातच कळत असे. त्यांचे वडील साताऱ्याकडून आलेले, तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी. शाळकरी वयात वडिलांचा डबा घेऊन गेल्या की ट्रकांच्या घरघरीवर मात करून "आबा!" अशी हाक मारावी लागे. तो आवाज पुढे डॉक्टर झाला, हृदयरोगतज्ज्ञ झाला, पण खाली उतरला नाही. इकोची खोली अंधारी असते. त्या अंधारातून "श्वास सोड! सोड म्हणते ना! कुणासाठी राखून ठेवलास?" असे ऐकू आले की बाहेरच्या बाकावरचा रुग्ण नकळत आपलाही श्वास सोडून देई.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आले. शोकसभेत सगळ्यांनी त्यांना 'स्पष्टवक्त्या' म्हटले. त्या हयात असताना हीच माणसे त्यांना 'भांडकुदळ' म्हणत, आणि तो शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. सभेत मीही बोललो. नेहमीप्रमाणे हळू बोललो. मागच्या रांगांना काही ऐकू गेले नसावे. जे ऐकू गेले नाही ते इथे लिहितो आहे.

मी त्याच रुग्णालयात एमआरआयची चित्रे वाचतो. मॅडम माझ्याहून वडील, आणि मला पहिल्या दिवसापासून "अरे सुधीर" म्हणत. त्यांच्या कोटाच्या खिशात गूळ-शेंगदाणे असत. ते लहान रुग्णांसाठी आहेत असे त्या सांगत, पण राग आला की स्वतःच चावत. दिवसभरात खिसा रिकामा झाला म्हणजे दिवस कसा गेला ते कळे. छातीवर लावायच्या जेलची बाटली त्या आधी काखेत धरून ऊबदार करीत, आणि ती करताना रुग्णाला बिनदिक्कत शिव्या देत. "मुडद्या" हा त्यांचा मायेचा शब्द होता. यंत्रालाही तोच, वॉर्डबॉयलाही तोच, एकदा भेटीला आलेल्या विश्वस्तांनाही तोच गेला.

रिपोर्टात नुसते 'नॉर्मल' लिहिलेले त्यांना खपत नसे. "आज नॉर्मल, असं लिही," त्या म्हणत. "उद्याचं तुझ्या बापाला माहीत आहे का?"

त्यांच्या रागाला एक ठरावीक पत्ता होता, आणि तो समजण्यासाठी एका आजाराविषयी थोडे सांगावे लागेल. मुलग्यांना होणारा स्नायूंचा एक आनुवंशिक आजार आहे. तीन-चार वर्षांचे मूल उठताना गुडघ्यांवर हात टेकू लागते, वारंवार पडते, आणि दहा-बाराव्या वर्षापर्यंत चाकाच्या खुर्चीत येते. हृदय हाही स्नायूच. म्हणून या मुलांच्या हृदयाची नियमित तपासणी करतात. आजाराचा दोष बहुतेकदा आईकडून आलेला असतो. ती स्वतः धडधाकट दिसते. मुलाला आधी कडेवर, मग पाठीवर, मग दोन्ही हातांवर वाहते. पण तोच दोष तिच्याही शरीरात असतो, आणि अशा आयांपैकी काहींच्या हृदयात, वरून काही न कळता, बारीक व्रण पडत जातात. साध्या इकोत हृदय नीट आकसताना दिसते, म्हणून सहसा कुणाला शंका येत नाही. एमआरआयच्या वेळी मात्र शिरेतून एक द्रव्य सोडले की ते निरोगी स्नायूतून लवकर निघून जाते आणि व्रणाच्या जागी रेंगाळते. काळ्या स्नायूत पांढरी रेघ उमटते. ती वेळेवर दिसली तर गोळ्यांनी पुढचे नुकसान लांबवता येते. दिसण्यासाठी कुणीतरी आधी पाहावे लागते, इतकेच.

कुणी पाहत नव्हते. मॅडमही नाही, आणि हे त्या स्वतः सांगत. कळंबोलीची एक बाई आपल्या मुलाला घेऊन वर्षानुवर्षे त्यांच्याकडे येत असे. एका तपासणीला मुलगा मामाबरोबर आला. आई न्हाणीघरात कोसळली होती आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत गेली होती. त्या दुपारी मॅडम माझ्या खोलीत आल्या, दार लावले, आणि मी त्यांचा आवाज प्रथमच खालच्या पट्टीत ऐकला. "पोरगा आहे रे सुधीर. उचलणारी गेली. माझ्या मशीनपासून हातभर अंतरावर उभी राहायची ती. हातभर. दरवेळी दम लागलेला असायचा, आणि मी म्हणायचे, पोराचं वजन वाढलंय, खायला कमी घाल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खोलीत नवा नियम आला: पोर टेबलावरून उतरले की आई चढेल. मध्ये टेबल पुसायचेदेखील नाही. बायका लाजत, घरी गॅसवर काहीतरी ठेवून आल्यासारख्या दाराकडे पाहत. नवरे हसत. एका नवऱ्याने विचारले, "मॅडम, हिला काय धाड भरलीय? चार माणसांचं काम करते ही."

"तुला काय माहीत? तू तिच्या आत जाऊन आलास?"

"नाही, पण दिसतंय ना."

"तुझ्या पोराचंही आधी दिसत नव्हतं. बाहेर जा. आणि जाताना ती पिशवी घेऊन जा, ती पण तिच्याच खांद्यावर ठेवलीस मुडद्या."

इकोत ज्यांच्याविषयी किंचितही शंका आली त्यांना त्या माझ्याकडे एमआरआयसाठी पाठवू लागल्या, आणि इथे व्यवस्थापन जागे झाले. बैठक बोलावली गेली. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सभ्यपणे विचारले की, ज्या बायकांना कोणताही त्रास नाही, ज्या रुग्ण म्हणून आलेल्याच नाहीत, त्यांच्यासाठी यंत्राचा वेळ का वापरावा. हे 'अनावश्यक' नव्हे काय?

त्याच आठवड्यात बंदरावरच्या एका बड्या कंपनीच्या साहेब लोकांसाठी आमच्या रुग्णालयाने 'संपूर्ण हृदय तपासणी' नावाची योजना काढली होती. न्हावा शेव्याहून वातानुकूलित गाड्यांतून ते साहेब येत. त्यांनाही कोणताही त्रास नव्हता. त्यांना नाश्त्यात पपई आणि उपमा मिळे, मऊ चपला मिळत, आणि त्यांची निरोगी हृदये मी सकाळच्या उत्तम वेळात एकामागून एक पाहत असे.

मॅडम उभ्या राहिल्या. "साहेबाला काही होत नाही, तर त्याला म्हणायचं काळजी घेणारा माणूस. हिला काही होत नाही, तर हिचं अनावश्यक. साहेब काय उचलतो हो दिवसभर? फोन?"

कुणीतरी हसले. व्यवस्थापक हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले आणि तज्ज्ञ म्हणून माझे मत विचारले. "दोन्ही बाजूंत तथ्य आहे," मी म्हणालो. असे वाक्य मी आयुष्यात अनेकदा उच्चारले आहे, आणि दरवेळी ते मला समतोल वाटले आहे. बाहेर आल्यावर मॅडमनी मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले. "तुझ्यासारख्या गोड माणसांनीच वाट लावलीय," एवढे म्हणून त्या निघून गेल्या. मला राग येत नाही असे नाही. मला पुष्कळ येतो, आजही हे लिहिताना येतो आहे. पण माझा राग आतल्या आत नीटनेटक्या घड्या घालून ठेवलेला असतो. त्याने कधी कुणाचे काम अडले नाही, आणि कधी कुणाचे झालेही नाही.

अखेर मॅडमनी शनिवारच्या दुपारी मिळवल्या. त्या वेळात यंत्र रिकामे असे. तंत्रज्ञ कुरकुरले, मग सरावले. आणि अशाच एका शनिवारी भारती तांडेल आली.

भारती करावे गावातली, खाडीकाठच्या जुन्या घराण्यातली सून. मुलगा साईराज अकरा वर्षांचा, खुर्चीत, तोंडाने तिखट. मॅडमना तिच्या इकोत काहीतरी खटकले होते. तिच्या रक्तातही दोष सापडला होता. एमआरआयची तारीख तिने दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा आली. तंत्रज्ञाने नाव पुकारले तेव्हा ती साईराजला दोन्ही हातांवर घेऊन आत शिरली आणि त्याला टेबलावर ठेवू लागली.

"अहो, नंबर तुमचा आहे," मी म्हणालो.

"हां, माजाच हाय. मी त्याला दिला."

"दिला म्हणजे?"

"माजे नंबरान याचा काढा. मागचे टायमाला काढला व्हता, आता परत बगा, काय फरक परला काय. मना काय करायचाय फोटो?"

तिच्या चेहऱ्यावर ना लबाडी होती ना संकोच. घरातला शेवटचा तुकडा मुलाच्या ताटात सरकवावा तसा तिने आपला नंबर त्याच्याकडे सरकवला होता, आणि यात समजावून सांगण्यासारखे काय आहे, हेच तिला कळत नव्हते. मॅडमना बोलावले. त्या जिन्यावरूनच बोलत आल्या.

"काय गं, हे नळावरचं पाणी आहे का? माझी कळशी याला द्या म्हणायला?"

"मॅडम, वरडू नका, पोर भ्येतो."

"मी नाय भ्येत," टेबलावरून साईराज म्हणाला. "मॅडम कायमच वरडतात. आये, तुजाच काढ. मी त्या बोगद्यान परत नाय जानार. आतमंदी लय ठोकतान."

"ऐकलंस? पोराला कळतं," मॅडम म्हणाल्या. पण भारती त्यांना हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेली. मी संगणकापाशी होतो. मला ऐकू येत होते.

"मॅडम, फोटोन डाग दिसला तं काय व्हल? घरान बोलतील, बगा, हिच्यातनाच आयला. आता नुसता तोंडान बोलतान. मंग पेपरच त्यांचे हातान भेटल."

मॅडमचा हात खिशात गेला आणि तसाच राहिला. ज्या चित्राने या बाईचा जीव वाचवायचा, तेच चित्र तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून घरात फिरणार होते, आणि हे आम्हा दोघा तज्ज्ञांना तोवर सुचले नव्हते. भारतीने साईराजला उचलले. दारापाशी तिला थांबावे लागले. भिंतीला टेकून तिने दोन-तीन श्वास घेतले, मग गेली.

"रविवारी गाडी काढ," मॅडम मला म्हणाल्या. "करावेला जायचंय."

तांडेलांचे घर म्हणजे गावठाणातली तीन मजली इमारत. वरच्या मजल्यावर भाडेकरू, तळाला मोबाइलचे दुकान, आणि मध्ये, पहिल्या मजल्यावर, घरची माणसे. मॅडम जिन्याखाली उभ्या राहिल्या. जिना अरुंद होता, वळणाचा. त्यांनी एकदा दुकानाकडे पाहिले, एकदा जिन्याकडे.

"म्हणजे पोराला हिथनं रोज उचलून वर न्यायचं? आणि दुकान खाली?" संतापल्या की त्या गावाकडचे बोलू लागत.

"खालचा गाला भाऱ्यान दिलाय ना," भारतीची सासू पार्वतीबाई वरून म्हणाली. ती करावेच्या बाजारात मासळी विकणारी, अंगाने भक्कम, आवाजात मॅडमना तोडीस तोड. "बस गो बाय. तू डागतरीन ना? आमचे सुनला काय झालाय? दोन टोपल्या एकटी उचलतंय ती."

"तेच तर. उचलते म्हणून आले मी."

"आमचे घरान कोनला नव्हता हा रोग. हिच्या माहेरचा हाय."

"तुमच्या घरात नव्हता हे खरं. म्हणून तुमच्या घरातली माणसं मरत न्हाईत का?"

पार्वतीबाई हसली. भारतीचा नवरा कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. तो फोन पाहत दारात उभा होता, आणि मॅडमनी त्याला काही विचारले की "आईला विचारा" म्हणत होता. मॅडमनी सगळे सांगून पाहिले. दोष कुणी निवडून आणत नाही, हे सांगितले. व्रण कसा पडतो, तो आधी कसा दिसतो, नंतर काय होते, हेही सांगितले. पार्वतीबाई ऐकत होती, मान हलवत होती, आणि मधूनमधून म्हणत होती, "पन तिला काय व्हतच नाय ना." भारती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाठमोरी बसलेली. तिच्याविषयी चाललेल्या त्या सगळ्या बोलण्यात तिच्याकडे कुणीच पाहत नव्हते.

मग मॅडमनी एकदम आवाज चढवला. "आज्जे, सरळ विचारते. ही उद्या पडली, तर तुझ्या नातवाला कोण उचलणार? तुझं वय झालं. ह्यो बंदरावर. बोल, कोण उचलणार?"

नवऱ्याने प्रथमच फोन खिशात ठेवला. म्हातारी म्हणाली, "काढा तं फोटो. नि गोली द्याची तं गोली द्या."

परतीच्या वाटेवर मी मॅडमचे अभिनंदन केले. त्यांनी पाम बीच रस्त्यावर मला गाडी बाजूला घ्यायला लावली.

"काय जिंकले मी? सांग ना. मी तिथं काय म्हणाले, ऐकलंस ना तू? क्रेन बिघडली तर माल कोण उचलणार, हे म्हणाले मी. तिचा जीव मी त्या पोराच्या वजनावर मोजला. त्या सगळ्यांनी तेच केलं, आणि मी, मी जाऊन त्यावर शिक्का मारला."

"पण त्यांना पटलं, मॅडम."

"पटणारच! त्यांना जे आधीच वाटतं तेच सांगितलं की मी!" त्यांनी खिशातले सगळे शेंगदाणे मुठीत घेतले आणि खिडकीतून फेकून दिले. मी तेव्हा मनात म्हटले, मॅडम फार ताणतात. काम झाले ना. आज असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

भारतीच्या हृदयात, डाव्या कप्प्याच्या मागच्या बाजूच्या भिंतीत, पांढरी रेघ होती. बारीक, नुकती उमटू लागलेली. इकोत हृदयाची ताकद जवळपास उत्तम. एरवी आणखी कित्येक वर्षे तिला कुणी आजारी म्हटले नसते. गोळ्या सुरू झाल्या. ती त्या नेमाने घेत असे, आणि पार्वतीबाई त्यावर लक्ष ठेवत असे. दुकानाचा करार संपल्यावर गाळा रिकामा झाला आणि साईराजचा पलंग खाली आला. शटर अर्धे वर करून तो रस्त्याकडे पाहत पडे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांची टिंगल करी. दर वर्षी भारतीचे चित्र मी पाहत असे. रेघ जिथल्या तिथे होती. मॅडम त्या चित्राकडे बराच वेळ पाहत आणि मला म्हणत, "आज नॉर्मल नाही. पण आज वाईटही नाही. लिही तसं."

दरम्यान त्या निवृत्त झाल्या. त्यांच्यामागे शनिवारची वेळ आपोआप बंद पडेल, अशी व्यवस्थापनाची अपेक्षा होती. ती चालू राहावी म्हणून मला एकदा बैठकीत आवाज चढवावा लागला. तो मध्येच फाटला, असे सहकारी सांगतात. वेळ चालू आहे.

साईराज सतराव्या वर्षी गेला. छातीत कफ दाटला, आणि हृदय ते ओझे पेलू शकले नाही. मुलाच्या हृदयासाठी आम्ही जे करता येते ते करीत होतो. त्या आजारात ते पुरे पडत नाही. त्यानंतर भारती आली नाही. वर्षाची तारीख टळली, फोन उचलला जाईना. मी मॅडमना सांगितले. त्या नेरुळला घरी होत्या, गुडघ्यांनी बेजार. "गाडी काढ," त्या म्हणाल्या.

पार्वतीबाई गाळ्याच्या दारात भेटली. ती खंगली होती. "बाय, तूच सांग गो तिला. मी बोलून थकलू. गोल्या फेकून दिल्यान तिनं."

गाळ्यातला पलंग काढून टाकला होता. रिकाम्या जागेत जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून भारती सुका जवळा, वाळवलेली बारीक कोळंबी, निवडत बसली होती. मॅडम भिंत धरून कशाबशा तिच्यासमोर खाली बसल्या आणि नेहमीच्या आवाजात सुरू झाल्या, "काय गं, गोळ्या फेकल्यास? तुला काही—"

"मॅडम," भारती म्हणाली. तिने वर पाहिले नाही. "तुमीच बोल्लाव ना त्या दिवशी. पोराला उचलाला पायजे म्हनून गोली. सगली घेतली मी. एक पन नाय चुकवली. आता कोनला उचलू?"

मी दाराशी उभा होतो. बाहेर रिक्षा जात होत्या. पार्वतीबाईने काळजीने माझ्याकडे पाहिले.

"चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या. "ते तुझ्या सासूला पटावं म्हणून बोलले. तुझ्यासमोर बोलले, आणि तुला विचारलं नाही. तुझं हृदय तुझं आहे गं. त्याला दुसरं कारण लागत नाही."

"माजा हाय, तं मी काय करू त्याचा?"

हा प्रश्न तिने रडून विचारला नाही. सरळ विचारला, हातातला जवळा निवडता निवडता. आणि डॉ. सुनंदा जगदाळे, ज्यांना कधी उत्तर शोधावे लागल्याचे मी पाहिले नव्हते, म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मग त्यांनी ते वर्तमानपत्र आपल्याकडे ओढले आणि जवळा निवडू लागल्या. त्यांना ते येत नव्हते. त्या निम्मा चांगला जवळा कचऱ्यात टाकत होत्या. थोड्या वेळाने भारती म्हणाली, "असा नको, पाला काढा नुसता." मॅडम म्हणाल्या, "सुधीर, तू जा. मी रिक्षानं येते."

त्या दिवशीच नव्हे, त्यानंतर त्या रोज रिक्षाने जाऊ लागल्या. तिथे त्या काय बोलत, मला माहीत नाही. विचारले तर म्हणत, "बोलतो कुठं? बसतो." गुडघे दुखत, तरी जात. रुग्णालयातल्या जुन्या सहकाऱ्यांनी याला म्हातारपणाचा हट्ट म्हटले. मला हे लिहिताना संताप येतो तो त्या शब्दाचा. एका बाईच्या शेजारी, तिच्याकडून काहीही न मागता कुणी बसते, तेव्हा आपल्याला त्याचे नावच सुचत नाही, आणि मग आपण त्याला हट्ट म्हणतो.

मॅडमना मी शेवटचे पाहिले ते पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी. नंतर त्या भावाकडे गावी गेल्या आणि तिकडेच वारल्या.

त्या शनिवारी भारती आपणहून आली. रागावलेली होती. "साहेब, काढा तो फोटो एकदाचा," ती मला म्हणाली. "ती बाय रोज येऊन बसतंय. चाय पितंय, जवल्याची नासाडी करतंय, नि बोलत कायपन नाय. आजूबाजूची मानसा इचारतान, ही कोन. मी काय सांगू? काढा, नि तिला घरी पाठवा."

"गोळ्या?"

"त्या पन घेतंय. कालपास्नं."

मॅडम तिच्या मागून, काठी टेकत, येत होत्या. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. एमआरआय पूर्ण व्हायला नेहमीचा वेळ लागला. पडद्यावर तिचे हृदय उघडले, द्रव्य आत गेले, आणि मी वाट पाहत राहिलो. रेघ वाढली होती. फार नाही, पण गोळ्यांशिवाय गेलेले महिने त्या भिंतीत स्पष्ट दिसत होते. अजून वेळ होता. सावरण्यासारखे होते.

मी बाहेर आलो, मॅडमच्या शेजारी बसलो, आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "मॅडम, थोडं वाढलंय, पण आपण जर डोस—"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुढचे अख्ख्या मजल्याने ऐकले.

"मला काय सांगतोस मुडद्या? मी कोण लागून गेले? तिला सांग! आत बसलीय ती जिवंत, आणि तू बाहेर येऊन मला सांगतोस!"

बाकावरची माणसे वळून पाहू लागली. मी उठलो. आतल्या खोलीत भारती कपडे बदलून बसली होती, पायाने चप्पल चाचपत होती. मी दार लावून घेतले, पडदा तिच्याकडे वळवला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.